गिरणीच्या माळ्यावरच्या वेबसाइट्स

तुमच्या कॉम्प्युटरवर कधी 'न्यू फोल्डर' साठलेत का? घाईघाईत एक करायचा, नाव नंतर देऊ म्हणायचं. मग न्यू फोल्डर टू, मग थ्री... आणि एक दिवस अख्खा डेस्कटॉप भरून जातो, मागचा वॉलपेपर दिसेनासा होतो! आमचे किस्से अगदी तसेच साठले. कुणी कधी त्यांना नाव दिलं नाही, जागेवर लावलं नाही. चहा पिता पिता कुणी एक उघडला की बाकीचे आपोआप उघडतात.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. अंबरनाथ पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वरच्या माळ्यावर मी आणि मिलिंद गायकवाडनं वेबसाइट बनवायचं दुकान थाटलं. मिलिंद माझा कॉलेजचा मित्र. कोडिंग त्याचं. मी विद्या, कमर्शियल आर्ट शिकलेली, त्यामुळे पान दिसायला कसं असावं हे माझं खातं. आमचे बाबा म्हणाले, "जी वस्तू पिशवीत घालून देता येत नाही, तिचं दुकान?" शेवटी तडजोड झाली. एक वर्ष बघायचं, नाही चाललं तर मी मुकाट्यानं बँकेच्या परीक्षा द्यायच्या.

खाली गिरणी सुरू झाली की वर आमचा मॉनिटर थरथरायचा. सीपीयू उघडला की आत पीठ! पहिल्याच आठवड्यात मी डोळे चोळत विचारलं, "मिलिंद, तू हेडलाइनला काही इफेक्ट दिलायस का? अक्षरं हलतायत."

तो मान वर न करता म्हणाला, "इफेक्ट नाही. गहू चाललेत."

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले लछुसेठ. दिलदार माणूस. आम्ही दुकानात पाय ठेवायच्या आत लस्सी सांगायचे. पण वेबसाइटच्या पहिल्या पानावर काय काय हवं, ते सांगायला लागले की मिलिंदचं पेन थकायचं. वर सरकणारी ऑफरची पट्टी. दोन्ही बाजूंना लुकलुकणारे दिवे. मध्ये गोल फिरणारा सोफा. वडिलांचा हार घातलेला फोटो. किती जणांनी साइट बघितली त्याचा आकडा. आणि पान उघडलं की सनई!

मी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पद्धतीनं पान केलं. मधोमध एक मरून रंगाचा सोफा, खाली दुकानाचं नाव, बाकी सगळं पांढरं. मला ते इतकं आवडलं होतं की दाखवताना माझे हात थरथरत होते. गिरणी बंद असून!

सेठनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "इधर क्या है?"

"काही नाही सेठ."

बोट दुसऱ्या बाजूला गेलं. "और इधर?"

"तिथं पण काही नाही. मोकळी जागा आहे. त्यामुळे नजर सरळ सोफ्यावर जाते."

"विद्या बेटा," सेठ अगदी प्रेमानं म्हणाले, "हमारे बाज़ार में खाली जगह का भी भाड़ा लगता है!"

त्याच वेळी दुकानात एक बाई मुलीच्या लग्नासाठी सोफा बघायला आल्या. आता ते शोरूम कसं होतं सांगते. सोफ्यावर सोफा, त्यावर उलटं टेबल, टेबलाच्या पायांना अडकवलेल्या खुर्च्या. बाई म्हणाल्या, "तो मागचा निळा दाखवा." झालं! दोन माणसं कपाट सरकवायला लागली, एक जण टेबल उचलायला लागला, चौथा खुर्च्या झेलत उभा. निळा सोफा बाहेर येईपर्यंत बाई समोरच्या दुकानात जाऊन बसल्या होत्या. तिथं बसायला जागा होती ना!

गल्ल्यावर सेठच्या बायको बसायच्या, त्यांना आम्ही भाभी म्हणायचो. हिशेब लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "लड़की सही बोल रही है. मैं तो शादी करके आई तब से देख रही हूँ. इनको ज़रा खाली जगह दिखी, कि स्टूल रख देते हैं!"

सेठ निळा सोफा परत आत ढकलायला लागले. आम्ही परत आलो. काम गेलं, असं धरून मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सेठचा फोन. आवाज असा खुललेला!

"बेटा, तुम्हारी बात दिमाग में बैठ गई. शोरूम एकदम खुला कर दिया. बीच में एक सोफा, बस! पब्लिक अंदर आ रही है, बैठ रही है!"

मी आनंदानं खुर्चीतून उठलेच. "वा सेठ! मग आता साइट?"

"हाँ, वही बोल रहा हूँ. दुकान में से जो माल निकाला ना, वो सब वेबसाइट पे डाल दो!"

*

बदलापूरचे पाटकर सर गणिताचे क्लास घ्यायचे. क्लासचे बॅनर गावभर. लाल पट्टीवर जांभळी अक्षरं, भोवती पोपटी किनार. तेच रंग त्यांना वेबसाइटवर हवे होते.

मी सांगून बघितलं, "सर, फिक्या पानावर गडद अक्षरं ठेवली की वाचायला सोपं जातं. रंग दोन-तीनच घेऊ."

"मॅडम, पोरांचं लक्ष वेधलं पाहिजे! लाल अधिक जांभळा अधिक पोपटी, म्हणजे अट्रॅक्शन तिप्पट. साधं गणित आहे."

साध्या गणितावरून सरांशी कोण भांडणार? आम्ही त्यांना हवं तसं करून दिलं आणि दाखवायला त्यांच्या घरी गेलो. घरात गडबड होती. सरांचे वडील, नाना, यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा काढायची परवानगी त्याच दिवशी दिली होती. सर उत्साहात म्हणाले, "नाना, नव्या डोळ्यांनी पहिली गोष्ट ही बघा!"

नाना कॉम्प्युटरसमोर बसले. चष्मा काढला. डोळे बारीक केले. मग मोठे केले. आणि एकदम ओरडले, "अरे, डॉक्टरला फोन लाव! डोळा बिघडला!"

घरात पळापळ. सरांनी फोन उचलला, त्यांच्या बायकोनं रिक्षा थांबवायला कुणाला तरी खाली पिटाळलं. सरांची आई तेवढी शांत होती. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून नानांपुढे धरलं. "हे दिसतंय का?"

नानांनी चतुर्थीच्या चंद्रोदयाची वेळसुद्धा घडाघडा वाचली. इतकी बारीक अक्षरं!

"मग डोळा नीट आहे की!"

नाना पुन्हा स्क्रीनकडे वळले. "गेला!"

कॅलेंडर. "आला!"

स्क्रीन. "परत गेला!"

सरांनी हळूच फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, पांढऱ्यावर काळं करा."

नाना चष्मा पुसत म्हणाले, "बघा, ऑपरेशन माझं झालं आणि दिसायला याला लागलं!"

*

अंबरनाथ एमआयडीसीत दामले साहेबांचा गिअर बनवायचा कारखाना होता. हा किस्सा मिलिंदचा आहे. तो मी सांगितलेला त्याला अजून चालत नाही.

त्या काळात साइट उघडली की आधी एक ॲनिमेशन लावायची फॅशन होती. मिलिंदनं दामले साहेबांसाठी असं ॲनिमेशन केलं, की गिरणीवाला पण वर येऊन बघून गेला. अंधारात ठिणग्या उडतात, छोटे गिअर फिरतात, मोठे गिअर फिरतात, वीज चमकते आणि कंपनीचं नाव प्रकट होतं. आमच्या मशीनवर ते झकास चालायचं.

साहेबांच्या ऑफिसात इंटरनेट टेलिफोनच्या वायरीवरून यायचं. मिलिंदनं पत्ता टाईप केला, हात मागे बांधून उभा राहिला. स्क्रीनवर आलं, 'लोडिंग'. आणि खाली एक रेघ, मुंगीच्या पावलानं पुढे जाणारी.

साहेबांनी चहा सांगितला. चहा आला. चहा संपला. रेघ अर्ध्यावर. मिलिंद म्हणाला, "येईलच आता."

साहेब कारखान्यात एक चक्कर मारून आले. हात पुसत म्हणाले, "अहो, माझी भट्टी याच्या आधी तापते!"

शेवटी एकदाची ठिणगी उडाली. मिलिंदचा चेहरा उजळला. पण साहेबांची नजर खालच्या कोपऱ्यात. "ते 'स्किप' लिहिलंय, ते काय आहे?"

"ते दाबलं साहेब, की हे सगळं टाळून डायरेक्ट माहितीच्या पानावर जाता येतं."

"मग तेच पान आधी ठेवा ना!"

परत येताना रिक्षात मिलिंद तोंड पाडून बसला. मीच समजूत काढली. म्हटलं, पान पटकन उघडणं हेसुद्धा डिझाइनच आहे. माणूस थांबला तर बघणार ना! त्याला ते पटत होतं, पण दुःख वेगळंच होतं.

"विद्या, त्यांनी शेवट बघितलाच नाही गं! शेवटी मोठा गिअर उघडतो आणि आतून कबुतर उडतं!"

"गिअरमधून कबुतर? ते कशाला?"

मिलिंदनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की एवढंही कसं कळत नाही!

"एक्सपोर्ट!"

*

उल्हासनगरचेच एक जीन्सवाले होते, मनोहरसेठ. त्यांचं एकच पालुपद. "लोगो थोड़ा बड़ा करो."

केला. "और थोड़ा." केला. असं करत करत पॅन्टच पानाच्या बाहेर गेल्या. वर नुसता लोगो, खाली कुणाच्या तरी पॅन्टचे पाय! मग मी एकदा वैतागून लोगो होता तसा पहिल्या मापाचा करून टाकला आणि त्याच्या आजूबाजूची सगळी गर्दी काढली. मजकूर बारीक केला, चारी बाजूंनी हवा सोडली.

मनोहरसेठ खूष! टेबलावर हात आपटून म्हणाले, "अब हुआ ना बड़ा! पहले ही दिन कर देते तो?"

*

मिलिंदच्या मावशी, कांतामावशी, बौद्ध समाजातली लग्नं जुळवायच्या. घरी कपाटभर स्थळं. मिलिंद म्हणाला, "मावशी, हे सगळं इंटरनेटवर टाकू. नागपूरचा माणूस नागपुरात बसून बघेल!" मावशींना कल्पना एकदम पसंत. अट एकच, सगळं मराठीत पाहिजे.

मी दिवसभर शोधून असा देखणा मराठी फॉन्ट लावला, की मावशी स्क्रीनवरून हात फिरवत म्हणाल्या, "पत्रिका छापल्यासारखं दिसतंय गं!"

आता गंमत अशी, की तो फॉन्ट फक्त आमच्या कॉम्प्युटरवर होता! ज्याच्याकडे नाही, त्याला मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी एबीसीडीचा काला दिसायचा. हे आम्हाला कळलं कसं? नाशिकहून मावशींना फोन आला तेव्हा. मी तिथंच बसले होते. स्पीकर चालू.

"जयभीम मावशी. नाशिकहून प्रशांत बोलतोय. त्या आयसल्पा म्हणून आहेत ना, त्यांच्याबद्दल विचारायचं होतं."

मावशी चक्रावल्या. "कोण म्हणालास?"

"आयसल्पा. स्पेलिंग तसंच दिसतंय, आय-एस-ए-एल-पी-ए. पांढरा ड्रेस, चष्मा, गालावर खळी."

मावशींनी कपाळाला हात लावला. "अरे बाळा, शिल्पा! आमच्या अंबरनाथची. शाळेत शिकवते."

"अच्छा, शाळेत आहेत का!" तो आनंदानं म्हणाला. "ते पण तिथं लिहिलं असेल. मला काहीच वाचता आलं नाही."

मिलिंद आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. पण मावशींची उत्सुकता दुसरीच. "मग काही वाचलंच नाहीस, तर तुला पसंत काय पडलं?"

"फोटो आवडला मावशी. आणि खाली सगळं गिचमिड होतं ना, त्यामुळे नापसंत करायला काही सापडलंच नाही!"

आम्ही त्याच दिवशी फॉन्ट बदलायच्या मागे लागलो. मावशी म्हणाल्या, "थांबा रे जरा, आधी हे जुळू दे!" आणि जुळलं! लग्नात बायकांनी नवऱ्याला उखाण्यासाठी घेरलं. पठ्ठ्या तयार होऊन आला होता.

"अक्षरं कळेनात, फॉन्ट नव्हता ठीक... आयसल्पाचं नाव घेतो, गाव माझं नाशिक!"

*

बदलापूरच्या पुढे धरणाच्या रस्त्याला म्हात्रेकाकांची वाडी होती. भाताची शेती, आंब्याची झाडं, एक तळं. मुंबईची माणसं सुट्टीला येऊन राहतील म्हणून त्यांनी चार खोल्या बांधल्या आणि आमच्याकडे आले. सोबत एक सीडी. कुणीतरी दिलेली, परदेशी फोटोंची. त्यातला एक फोटो त्यांनी पक्का केला होता. निळाशार स्विमिंग पूल, कडेला गोरं जोडपं, हातात ग्लास.

"काका, पण हे तुमच्याकडे नाही ना?"

"तलाव हाय की! पाणी त्ये पाणी."

पहिल्याच रविवारी ठाण्याचं एक कुटुंब पोहण्याचे कपडे घेऊन हजर! "पूल कुठंय?" काकांनी ऐटीत तळ्याकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी तळ्यातून म्हैस वर आली. अंगावर शेवाळ, शिंगांवर बगळा. ते कुटुंब गाडीतून न उतरता परत गेलं.

काका हिरमुसले. मी म्हटलं, "काका, जे आहे तेच दाखवू. खरा फोटो बघून जो येईल, तो खूष होऊन जाईल." आम्ही कॅमेरा घेऊन वाडीवर गेलो. आमचे बाबा पण आले. नुसते बघायला म्हणून. तासाभरात त्यांनी माझ्यावर छत्री धरली, दोन तासांत मिलिंदला बाजूला सारलं, आणि दुपारी मला सांगत होते, "विद्या, म्हशीची डावी बाजू घे. उजवीकडून ती उदास वाटते!"

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या काकू, आंब्याला टांगलेला झोका, आणि पहिल्या पानावर तळ्यात बसलेली म्हैस, डावीकडून. घरी जाताना बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी स्टँड घेऊन येऊ." बँकेच्या परीक्षेचा विषय त्या म्हशीनं कायमचा मिटवला.

आणि माणसं यायला लागली! गाडीतून उतरली की पोरांचा पहिला प्रश्न, "म्हैस कुठंय? फोटोतली?" झोका राहिला, आंबे राहिले, सगळे म्हशीबरोबर फोटो काढायला पळायचे. मध्यंतरी ती व्याली, तेव्हा काकांनी तिला गोठ्यात आराम दिला आणि तळ्यावर दुसरी म्हैस सोडली. तशीच काळी, तशीच शिंगं. शहरातल्या माणसांना काय कळतंय!

डोंबिवलीची एक एवढीशी मुलगी तळ्याच्या काठावर उभी राहिली. म्हशीकडे बघितलं. मग काकांकडे बघून ठणकावून म्हणाली, "ही ती नाही!"

काका मला फोनवर सांगत होते, "पोरी, काय सांगू! त्या बारकीला गोठ्यात नेऊन बाळंतिणीचं दर्शन द्यावं लागलं, तवा ऐकली!"

*

एक सावंतकाका होते. आमच्याच आळीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचे. कारखान्यातून रिटायर झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. एक दिवस दुपारी माळ्याचा जिना चढून आले. छातीशी धरलेली एक मोठी पिशवी.

"मला घराची वेबसाइट करायची आहे."

मिलिंद म्हणाला, "घर विकताय का काका?"

"नाही. आमचं घर. म्हणजे मी आणि ही."

पिशवीतून एकेक वस्तू बाहेर यायला लागली. लग्नाचा अल्बम. नितीनचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, शाळेतला फोटो. त्याची सर्टिफिकेटं. गावच्या घराचा फोटो, सत्यनारायणाचा फोटो, बाल्कनीतल्या गुलाबाचा फोटो. नितीन मस्कतला नोकरीला होता. सुरुवातीला नेमानं फोन करायचा. मग कधीतरी. आता चुलतभावाला ईमेल यायचं, आम्ही सगळे ठीक, तुम्ही ठीक ना. चुलतभाऊ येऊन निरोप सांगून जायचा.

"तो दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो म्हणे," काका म्हणाले. "म्हटलं, आपणही तिथंच जाऊन बसावं."

मी फोटो चाळत होते. एवढं सगळं एका पानावर घालायचं तर लछुसेठचं शोरूमच झालं असतं. मी विचारलं, "काका, नितीननं साइट उघडली, तर त्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

काकांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. खाली गिरणी चालू होती.

"हिला फोन करावा," ते म्हणाले. "माझं काही नाही. ही फोनच्या बाजूला बसून भाजी निवडते. आमची भाजी आत निवडायची जागा आहे. पण ही तिथं बसते."

मी अल्बम मिटला. "मग बाकी काही नको काका. एकच बटण ठेवू."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकू फोनच्या बाजूला बसून मेथी निवडत होत्या. त्यांना साडी बदलायची होती, केस विंचरायचे होते. मी म्हटलं, "तुम्ही नुसती मान वर करा." त्यांनी केली. एवढंच पान. मेथीची जुडी हातात धरून वर बघणाऱ्या काकू, आणि खाली एक मोठ्ठं बटण. 'आईला फोन कर.' बटण दाबलं की दुसरं पान, त्यावर घरचा नंबर ठळक अक्षरांत, आणि खाली काकूंनी सांगितलेली एकच ओळ. 'जेवलास का?'

काका साइट बघून म्हणाले, "एवढ्यात भागेल?" खरं तर मलाही खात्री नव्हती. मिलिंदनं नितीनला ईमेलनं पत्ता पाठवला.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी काका धापा टाकत जिना चढून आले. "फोन आला!"

"नितीनचा?"

"नाही! कुणी संजय म्हणून. तो पण मस्कतला असतो. म्हणाला, नितीननं रूमवर सगळ्यांना साइट दाखवली. म्हणाला, काकू, मी तुमचा मुलगा नाही, पण बटण बघून राहवलं नाही. माझी आई गेली मागच्या वर्षी. ही त्याच्याशी अर्धा तास बोलली! जेवलास का, काय जेवलास, तिकडे मेथी मिळते का..."

मग त्या पोरांनी पत्ता पुढे पाठवला, त्यांनी आणखी पुढे. मस्कत, दुबई, बंगळूर, अमेरिकासुद्धा! कुणाकुणाची पोरं फोन करायला लागली. कुणी डाळीला फोडणी कशी द्यायची विचारायचं, कुणी नोकरी सुटल्याचं सांगायचं, कुणी नुसतंच म्हणायचं, "काकू, मी जेवलो." काकूंना सगळ्यांची नावं पाठ! काका बाजाराला निघाले की आतून हाक, "अहो, दुबईच्या अमोलला ताप आहे, रात्री विचारायची आठवण करा!" आम्ही विचारलं, साइट बंद करू का, त्रास होतोय का? काकू आमच्यावरच उखडल्या. "आणि त्या पोरांनी कुणाला सांगायचं मग?"

फक्त नितीनचा फोन येईना. काका ते कुणापुढे काढायचे नाहीत. आम्हीही विचारायचो नाही.

गणपतीच्या आधीची गोष्ट. काकांनी आम्हाला दोघांना मोदकांना बोलावलं होतं. मी आणि मिलिंद पानावर बसलो होतो. काकू फोनवर, रिसीव्हर मानेत धरून, एका हातानं आम्हाला तूप वाढत कुणाला तरी उकड कशी काढायची ते सांगत होत्या. दाराची बेल वाजली. काकांनी दार उघडलं आणि तसेच उभे राहिले.

दारात नितीन. दोन्ही हातांत बॅगा, शर्ट घामानं चिंब. काकांच्या खांद्यावरून त्यानं आत बघितलं आणि चिडून म्हणाला,

"आई, बोलतेस कुणाशी गं एवढं? महिनाभर लावतोय, फोन आपला एंगेज!"